कपिलीचा आक्षेप

साल २०१९. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं आधी मेली आणि सरकार मागून आलं. २०१९ ला सरकार आधी आलं, वह्या, शिक्के आणि मोबाइल घेऊन, आणि मरायची ती जनावरं त्याच्या देखत मेली.

शिवरात्रीच्या सुमाराला आष्टी तालुक्यातल्या सावरदऱ्याच्या माळावर चारा छावणी पडली. बांबू रोवून हिरव्या जाळीचं कापड ताणलं, सिमेंटच्या पायपा मधोमध कापून पाण्याच्या गव्हाणी केल्या. चालवायला बिभीषणआण्णाच्या संस्थेनं घेतली. आण्णा चाळिशीचा, बोलायला गोड. कुणाच्या घरी मयत झाली तर लाकडाची ट्रॉली त्याच्याकडूनच यायची, म्हणून त्याच्यापुढं तोंड वर करून कुणी बोलत नसे. छावणीत आलेल्या दरेक गुराच्या कानात त्याच्या माणसांनी पिवळा प्लास्टिकचा बिल्ला ठोकला. सकाळी आण्णाचा माणूस त्या बिल्ल्यासमोर मोबाइल धरायचा, मोबाइल टुण्ण वाजला की ते जनावर हजर. मग त्याच्या नावचा चारा, पेंड, पाणी, सगळं सरकारच्या माथी.

कडूबाईची नऊ गुरं त्या छावणीत होती. नवरा तात्याबा आणि मुलगा लखन मेंढरं घेऊन उमापूरच्या पलीकडं गोदाकाठाला गेले होते. मेंढरू चालतं, गाय इतकी चालत नाही, म्हणून गुरं मागं राहिली आणि गुरांमागं कडूबाई आणि सून सुकन्या. पाखऱ्या आणि सर्जा ही बैलजोडी, एक भुरी म्हैस, हरणी, मोरी, गुणी या गाई, दोन कालवडी, आणि सगळ्यांत थोरली कपिली. कपिली सात वेतं झालेली. तिची शिंगं मागं वळून मानेला टेकायला आली होती, आणि दर दोन वर्षांनी तात्याबा त्यांची टोकं कानशीनं घासून द्यायचा.

कडूबाईचा मुक्काम छावणीतच. पहाटे उठून शेण गोळा करायचं, उसाच्या कांड्या कोयत्यानं बारीक करायच्या. जनावरामागं अठरा किलो चारा ठरला होता, पदरात बाराही पडत नव्हता, आणि तोही नुसता ऊस. ऊस खाऊन गुरांच्या जिभेला फोड आलेले. कडूबाई बोटाला हळद-तेल लावून दरेकीच्या तोंडात घालायची. तिची बोटं पिवळी आणि चिकट, कोपरापर्यंत दातांचे ओरखडे. तरी तिची तक्रार नव्हती. पाऊस पडेस्तवर गुरं दावणीला उभी राहावीत, एवढंच तिचं मागणं.

चैत्र संपता संपता तपासणी आली. जिल्ह्याच्या कचेरीतून हिशेब तपासणारे दोघं: त्रिंबकराव लेखापरीक्षक आणि त्यांच्या हाताखालची नवीन लागलेली तेजश्री. त्रिंबकराव पन्नाशी ओलांडलेले, अंगानं सुकलेले, पित्ताचे. हे सांगायलाच हवं की माणूस पैसे खाणारा नव्हता. आण्णानं काकडी, ताक, थंड पाण्याचे जार, सगळं मांडून ठेवलं होतं. त्यांनी कशाला हात लावला नाही. घरून आणलेली बाटली, घरून आणलेला दहीभात. ते मंडपात पंख्याखाली बसले, रजिस्टरं मागवली आणि तीस गुरंवाल्यांना जबाबासाठी बोलवा म्हणाले. तिसांत कडूबाईचं नाव निघालं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. कडूबाईच्या घरात गुरामेंढरांचा आकडा तोंडानं सांगत नसत. आकडा तोंडातून गेला की दावणीतून एक जातं, असं तिच्या सासऱ्याचं म्हणणं, त्याच्या बापाचं म्हणणं. कुणी विचारलं तर म्हणायचं, हायेत दोन-चार. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. निजामाच्या अमलातला महसुलाचा गिरदावर असो की पुढचा खानेसुमारीवाला, तो हसायचा, चप्पल काढून शेणात उतरायचा आणि गुरांच्या पाठीला हात लावत मोजायचा. बहात्तर साली बारा वर्षांची कडूबाई दुष्काळी कामावर माती खणायला जायची, तेव्हा मुकादमानं बायांच्या खड्ड्याचं माप कमी धरलं. एक टोपीवाला साहेब धोतर खोचून त्या खड्ड्यात उतरला, टेप स्वतः धरली आणि मुकादमाला सगळ्यांदेखत खोटं पाडलं. साहेब म्हणजे उतरणारा माणूस, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं.

"छावणीत तुमची जनावरं किती?" त्रिंबकरावांनी मान वर न करता विचारलं.

कडूबाईनं पदराचं टोक दातात धरलं. "हायेत की सायेब. दोन-चार. देवाची दया."

"दोन की चार?"

"आता... चार म्हना."

"चार. लिहा."

तेजश्रीनं लिहिलं. कडूबाई उभीच राहिली. आता साहेब उठतील, आपण पुढं होऊन दाखवायचं, म्हणून तिनं पायातल्या वहाणाही काढून हातात घेतल्या होत्या. मंडपापासून तिची दावण चाळीस पावलांवर. कपिली तिकडून हंबरलीसुद्धा.

"सही करा इथं," त्रिंबकराव म्हणाले.

"बघायला न्हाई चलायचं?"

"काय बघायला?"

"गुरं."

"रजिस्टर बघितलं ना, बाई. उन्हात आमचं काय काम? पुढचा कोण?"

साक्षरतेच्या वर्गात शिकली होती तशी कडूबाईनं जोर लावून सही केली. कागद पेनानं फाटतो की काय असं तेजश्रीला वाटलं.

दहा दिवसांनी मंडपाच्या खांबाला यादी चिकटली. आण्णाचा माणूस विळ्यासारखी कात्री घेऊन आला आणि कडूबाईच्या दावणीपाशी थांबला.

"काकू, ह्यातली कोनती पाच काढू?"

"कशातली?"

"बोगस निघाल्यात तुजी पाच. रजिष्टरला नऊ, तू म्हनलीस चार. पाचाचे बिल्ले कापायचेत आन भाईर काढायचीत."

कडूबाईला आधी हसूच आलं. तिनं पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "ही बोगस हायेत व्हय? मग ह्येंचं शेन कावून भरती मी सकाळधरनं?"

ती तशीच आण्णाच्या तंबूत गेली. आण्णानं तिला खुर्ची दिली.

"काकू, माज्या हातात असतं तर मी न्हाई म्हनलो असतो का? तुजंच तोंड, तुजीच सही. तपासनी लई कडक झाली. तेवीस आक्षेप काढलेत माज्यावर. तेवीस!"

"आन ते सगळे असलेच? म्हातारी-कोतारी, कुनी दोन म्हनलं, कुनी चार म्हनलं?"

आण्णानं चष्मा पुसला. "तसंच काय काय. मी सगळे मान्य करून टाकले. भांडत बसलो तर अनुदान अडकतंय. चार गुरं ठिव, पाच ने. मी तुज्यासाठी येवडं करतो, कोनती ठिवायची ती तू ठरव."

कोणती ठेवायची ते तू ठरव. हे तो उपकार केल्यासारखं बोलला, आणि पुढं कितीतरी वर्षं कडूबाईला यादी, सही, कात्री यांपेक्षा त्याचं हेच बोलणं झोंबत राहिलं. दावणीपुढं ती दुपारभर बसली. बैलजोडी ठेवावीच लागणार, पेरणीला दुसरं कोण? म्हैस पाण्यावाचून एक दिवस काढणार नाही. गुणी गाभण. झाली चार. हरणी, मोरी, दोन्ही कालवडी आणि कपिली बाहेर. कात्रीनं बिल्ला कापताना कपिलीनं डोकं हलवलं नाही. ती माणसाच्या हाताला कधी हिसका द्यायची नाही.

छावणीतली चार शेजारच्या दावणीवालीवर सोपवून कडूबाई पाच गुरं घरी घेऊन आली. घरी पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, माणशी वीस लिटर. दोन बाया आणि पाच गुरं. सुकन्यानं अंघोळ सोडली. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. पहिले चार दिवस लिंबाचा पाला, मग वडाच्या फांद्या, मग निवडुंगाचे काटे जाळून त्याची पानं. आठव्या दिवशी कडूबाई छपरावर चढली आणि गोठ्यावरचं तीन वर्षांचं पाचट उपसून खाली टाकू लागली. काळं पडलेलं, उंदरांनी भोकं पाडलेलं. कालवडी ते खात होत्या आणि वरून ऊन सरळ त्यांच्या पाठीवर पडत होतं.

संध्याकाळी चाँद आला. चाँद आष्टीचा मिस्त्री, छावणीतल्या कडबाकुट्टीचं आणि पाण्याच्या मोटरीचं काम त्याच्याकडं. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून त्यानं पाणी आणलं होतं.

"हौदाच्या तळाचं हाय मावशी, गाळून घ्या." तो उंबऱ्यावर बसला आणि त्यानं दोनदा मागं वळून बघितलं. "एक बोलू का? कुनाला माजं नाव नका सांगू. आण्णाच्या मागच्या तंबूत मी मोटर बांधायला गेलतो. खिळ्याला तार हाय. तारंला बिल्ले ओवलेत. दोनशे, अडीचशे असतील. गाय न्हाई, बैल न्हाई, नुस्ते बिल्ले! सकाळी त्यो मोबाइलवाला येतो, तारंजवळ बसतो आन टुण्ण, टुण्ण, टुण्ण. अल्ला कसम. बसल्या जागेवर अडीचशे जनावरं चारा खाऊन मोकळी."

सुकन्या चुलीपाशी थांबली. "मग तपासणीवाल्यांना दिसलं नाही?"

"ते मंडपातून उठले का? मंडपात रजिष्टर, तंबूत तार. मधे ऊन."

कडूबाईनं कॅनमधलं पाणी फडक्यातून गाळलं आणि पहिलं घमेलं कपिलीपुढं ठेवलं. कपिलीनं तोंड बुडवलं, प्यायली नाही.

दुसऱ्या सकाळी कपिली बसली ती उठलीच नाही. सासू-सुनेनं पोटाखालून पोतं सरकवलं, दोन बाजूंनी बांबू घालून उचललं. मागचे पाय लटपटले आणि ती पुन्हा कुल्ल्यांवर बसली. कडूबाईनं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवलं. खालची कातडी ओली आणि केस गळालेली. सुकन्या फोन करून करून थकली तेव्हा गुरांच्या दवाखान्यातला माणूस आला. त्यानं एक सुई दिली आणि कान बघितला.

"बिल्ला कुठाय?"

"कापला."

"मग छावणीतून औषध न्हाई मिळायचं. आन काय बरंवाईट झालं तर पंचनामाबी न्हाई व्हायचा. नाव नसलेल्या जनावराचा पंचनामा कसा करनार मी?"

कडूबाई त्याच दिवशी जीपला लोंबकळून आष्टीला गेली. सुकन्यानं अर्ज लिहून दिला होता. तपासणी पथकाला तहसिलाच्या आवारात एक खोली दिली होती. भिंतीवर तक्ता लावलेला: लेखापरीक्षकांची नावं, काढलेले आक्षेप, निकाली आक्षेप, शेकडा प्रमाण. त्रिंबकरावांचं नाव सर्वांत वर. शेकडा शंभर.

त्यांनी अर्ज वाचला, नीट वाचला, आणि घडी घालून परत दिला.

"बाई, हा आक्षेप निकाली निघाला. छावणीचालकानं मान्य केलं, पाच जनावरं कमी केली, चारा बंद झाला. सरकारचं नुकसान थांबलं."

"सायेब, माजी गाय उठंना झालीय."

"त्याचा माझ्या कामाशी संबंध नाही. माझं काम सरकारचा पैसा चुकीच्या जागी जातो का ते बघणं."

"मग त्या मागल्या तंबूत जाऊन बघा की! तारंला बिल्ले ओवलेत म्हनं दोनशे-अडीचशे."

"कोण म्हणतं?"

चाँदचं नाव कडूबाई घेणार नव्हती.

"नाव नाही, पुरावा नाही." त्रिंबकराव शांत होते. "तुमच्या बाबतीत मात्र पुरावा आहे. तुमची सही. चार म्हणालात तुम्ही."

"आमच्यात आकडा सांगत न्हाईत सायेब. तुमी मोजाल म्हनून सांगितला न्हाई. चाळीस पावलं होती! चाळीस पावलं उठला असता तर..."

"निकाली आक्षेप असा उघडता येत नाही. दहा सह्या लागतात." तक्त्याकडं त्यांची नजर गेली की नाही कुणास ठाऊक, पण तेजश्रीची गेली. ती शेजारच्या टेबलावर बसली होती आणि मघापासून एकच पान उलट-सुलट करत होती. कडूबाई बाहेर पडली तेव्हा ती पाठोपाठ जिन्यापर्यंत आली.

"मावशी, सोमवारी बीडहून मोठे साहेब येणार आहेत. आढावा आहे. अकरा वाजता." एवढं बोलून ती आत गेली.

कपिली रविवारी दुपारी गेली. शेवटी मान लांब करून जमिनीवर टेकवली होती आणि तोंडापुढची माती श्वासानं उडत होती. मग उडायची थांबली. चाँदनं ओळखीच्या माणसाकडून खड्डा काढणारं यंत्र आणलं. माळ इतका कडक की यंत्राचे दात आधी नुसते घासत राहिले. कडूबाईनं रडारड केली नाही. कपिलीच्या गळ्यातलं दावं सोडलं, हातात गुंडाळलं, आणि सुकन्याला म्हणाली, "छावनीत जा. चौघांना सोडून आन. कुनी अडीवलं तर म्हनावं, सासूनं बोलावलंय."

"कुठं न्यायचीत आत्या?"

"आष्टीला. अकरा मैलांवर काय हाय येवडं!"

तांबडं फुटायच्या आत दोघी निघाल्या. आठ गुरं. बैल पुढं, म्हैस मागं, गाभण गुणी मधे. नऊ वाजेपर्यंत डांबर तापलं आणि गुरांचे खूर त्याला चिकटायला लागले, तसं त्यांना कडेच्या फुफाट्यातून चालवलं. कालवडीची जीभ बाहेर आली. एका ढाब्यावाल्यानं भांडी धुतलेलं पाणी दिलं. आठही जणी-जणांनी त्यात तोंडं घातली. सुकन्याच्या चपलेचा अंगठा तुटला, तिनं ती हातात घेतली आणि पुढं दगड लागेल म्हणून खाली बघत चालली. रस्त्यानं जाणारे विचारत, "बाजाराला का?" कडूबाई म्हणे, "कचेरीला."

कचेरीच्या आवारात पांढऱ्या गाड्या लागल्या होत्या. दारावरचा शिपाई ओरडला, "ए बाई, येडी का खुळी? जनावरं आत न्हाई!"

"का न्हाई? ह्येंचाच हिशेब चाललाय आत."

पाखऱ्या गाड्यांच्या मधून सरळ पायरीपर्यंत गेला आणि तिथंच त्यानं शेण टाकलं. लोक जमले. हसले. आढाव्यासाठी येणारे मोठे साहेब पायरीवरच अडकले. मागं त्रिंबकराव, हातात फायली धरून तेजश्री, आणि आढाव्यालाच आलेला बिभीषणआण्णा.

"काय प्रकार आहे?" मोठे साहेब म्हणाले.

कडूबाईनं पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. साठीला आलेल्या त्या बाईनं जन्मात हे केलं नव्हतं. ती मोजू लागली, मोठ्यानं, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं.

"ह्यो पाखऱ्या. एक. ह्यो सर्जा. दोन. ही भुरी म्हस. तीन. ही गुनी, गाभन हाय. चार. ही चार ठिवली तुमी. ही हरनी, पाच. ही मोरी, सहा. ही कालवड सात, ही आठ." प्रत्येकीच्या पाठीवर तिचा हात पडत होता आणि धूळ उडत होती. "ह्यांना बोगस म्हनलं ह्या सायबानं. सायेब, तुमीबी हात लावून बघा. कातडं हाय का कागद हाय?"

हसणं थांबलं. मोठे साहेब म्हणाले, "त्रिंबकराव, मोजा."

त्रिंबकराव उन्हात उतरले. बुटाला शेण लागू नये म्हणून पावलं जपून टाकत त्यांनी पेनाच्या टोकानं मोजलं. एकदा, दोनदा.

"आठ, सर."

"रजिस्टरला?"

"नऊ."

"म्हणजे?"

"एक कमी भरतंय, सर."

"नववी कपिली," कडूबाई म्हणाली. "काल मेली. तुमी भाईर काढली म्हनून मेली."

"मृत्यूचा पंचनामा?" त्रिंबकरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. रांगेतला पुढचा प्रश्न होता, तो त्यांनी विचारला. "डॉक्टरचा दाखला? बिल्ला?"

"बिल्ला तुमीच कापला की!"

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "बाईंची चार जनावरं खरी निघाली, ती परत छावणीत घ्या. आजच. उरलेल्या एकापुरता आक्षेप ठेवा." आणि जाता जाता, चांगल्या मनानं, "बाईंना पाणी द्या कुणीतरी."

पाण्याचा पेला पुढं आला. कडूबाईनं तो घेतला आणि कालवडीच्या तोंडापुढं ओतला. आणि मग तिचा आवाज फुटला.

"मोजता येतं की तुमाला! येतं की! मग त्या दिशी कावून न्हाई मोजलं? आज सगळ्यांदेखत उतरलास, त्या दिशी काय पायात मेख मारली व्हती? आन तिकडं मागल्या तंबूत तारंला दोनशे बिल्ले चारा खात्यात, ते कोन मोजनार? ह्यो आण्णा हितंच उबा हाय, इचारा त्याला! माजी मेलेली गाय तुमाला सापडली. मेलेली सापडती. जिती कावून दिसत न्हाईत रं तुमाला?"

आण्णा हात जोडून म्हणाला, "दुःखात हाय बिचारी. सायेब, चला आपन." शिपायानं दार लावलं.

चारही जनावरं त्या संध्याकाळी छावणीत गेली. नवे बिल्ले ठोकले. कडूबाई परत पहाटे उठून उसाच्या कांड्या तोडू लागली. आठ दावी गुंतलेली आणि एक खुंटा मोकळा.

दिवाळीनंतर त्रिंबकराव स्वतः सावरदऱ्याला आले. तात्याबा आणि लखन मेंढरं घेऊन घरी आले होते. त्रिंबकरावांनी चहा घेतला नाही. थैलीतून एक टाइप केलेला कागद काढला.

"सहा महिन्यांनी मी निवृत्त होतोय," ते म्हणाले. "तुमचा एक आक्षेप उरलाय. माझ्या अख्ख्या नोकरीत हा एकच. इथं फक्त एवढंच लिहिलंय की नववं जनावर नव्हतं, नोंद चुकून झाली. सही केलीत की विषय संपला. वसुली नाही, चौकशी नाही. नाहीतर तुमच्या नावावर नोटीस निघत राहणार, बाई. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

तात्याबानं तंबाखू मळता मळता बायकोकडं बघितलं. "कर की सही. गाय गेली ती गेली. आता काय जातंय आपलं?"

कडूबाई म्हणाली, "तुमी वाचून दावा सायेब. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं. "...सदर जनावर अस्तित्वात नव्हतं..."

"म्हंजे?"

"म्हणजे नव्हतंच."

कडूबाई चुलीपुढनं उठली. "ह्या लखनच्या येळंला मला दूध न्हवतं. तिच्या आईच्या दुधावर ह्यो वाढला. तिची सात वेतं मी माज्या हातानं काढली. आन मी लिहून देऊ, न्हवतीच? सायेब, तुमी लिवा. लिवा की मी मोजायला उठलो न्हाई. मग मी सही करती. तुमची आन माजी, दोगांची एका कागदावर."

त्रिंबकरावांनी कागदाची घडी करून तो थैलीत टाकला. तात्याबा मळलेला तंबाखू तोंडात न टाकता तसाच बसून राहिला. सुकन्यानं साहेबांना उंबऱ्यापर्यंत पोचवलं नाही.

तेजश्री आढाव्यानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या स्कूटीवर एकटीच छावणीत गेली होती. मागच्या तंबूत तिला खिळा दिसला, तार नव्हती. मग तिनं उन्हात दावण अन् दावण फिरून गुरं मोजली: तीनशे बावन्न. रजिस्टरला सहाशेच्या वर. तिनं टिपण लिहिलं. ते ठरलेल्या नमुन्यात बसत नाही, असा शेरा मारून परत आलं. तिनं दुसऱ्यांदा पाठवलं. वर्षाच्या आत तिची बदली झाली. जिथं झाली तिथं ती अजून स्वतः मोजते असं म्हणतात, आणि तक्त्यात तिचं नाव सगळ्यांत खाली असतं.

त्रिंबकराव पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाले. टाळेबंदीमुळं समारंभ झाला नाही; उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र टपालानं आलं, शेकडा नव्याण्णवाचं. बिभीषणआण्णाच्या तेवीस आक्षेपांपैकी बावीस निकाली निघाले आणि पुढच्याच निवडणुकीत तो निवडून आला. चाँदचं नाव कुणी घेतलं नव्हतं, तरी छावणीचं काम त्याच्या हातून गेलं; त्यानं आष्टीला स्टँडामागं पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि सावरदऱ्याच्या बायांच्या मोटरी तो मजुरी न घेता बांधतो. तात्याबा दोन वर्षांनी गेला. लखन मेंढरांमागं आहे. सुकन्या गावच्या पाणी समितीत बसते. टँकर आला की शिडी लावून वर चढते आणि आत काठी बुडवून बघते, तोवर सही करत नाही.

आणि दरवर्षी मार्चमध्ये कडूबाईच्या नावानं कचेरीच्या नोटिशीचं पाकीट येतं. खाली नव्या नव्या साहेबांची सही असते. कडूबाई अंगणात बसून ते सुनेकडून शेवटपर्यंत वाचून घेते. मग विचारते,

"नाव लिवलंय का गाईचं?"

"न्हाई आत्या. नुसतं, नग एक."

"मग ठिव तिकडं. माजी न्हवं ती."